फुकटातलं शिक्षण कमी प्रतीचं असतं का?

पत्र : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईचं हे पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची. तिसरीपर्यंत खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होती. रोज सकाळी पोट दुखायचं, रात्री झोपेत दचकायची. फीही झेपत नव्हती. या जूनपासून तिला घरीच शिकवायचं ठरवलं. नवऱ्याचं दुचाकी आणि सायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यामुळे महिन्याला शिक्षणासाठी हजार रुपयांहून जास्त निघत नाहीत. शहरातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ बघून त्यांनी लाकडी साहित्य आणि वर्कशीटचा बारा हजारांचा संच हप्त्यावर घेतला. मुलगी पंधरा दिवसांत त्याला कंटाळली, हप्ते अजून चालू आहेत. मग मोफत मिळेल ते उतरवून घ्यायला लागल्या. आज फोनमध्ये आणि कार्डात मिळून चाळीस जीबी पीडीएफ आणि व्हिडिओ आहेत, तरी ‘काहीतरी राहतंय’ ही धास्ती जात नाही. सासूबाई म्हणतात, पोरीचं नुकसान चाललंय. या आई विचारतात : ‘सगळे विषय येतील असा मोफत किंवा स्वस्त संच कुठला? फुकटचं पुरेल का? की पैसे नसणाऱ्यांनी हे धाडस करूच नये?’

उत्तर :

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची धास्ती तिथूनच येते आहे असं मला वाटतं.

चांगलं शैक्षणिक साहित्य महागच असणार, ही समजूत आपल्याकडे फार पूर्वी मोडून झाली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी मॉन्टेसरी पद्धतीचा, म्हणजे लहान मुलांनी साहित्य हाताळून शिकण्याच्या पद्धतीचा, मनापासून अभ्यास केला होता. पण त्या पद्धतीचं तयार साहित्य खेड्यातल्या बालवाडीला परवडणारं नाही, हे त्यांना दिसत होतं. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतूनच मुलांना मोजायला, लावायला, जुळवायला शिकवलं. तुमच्या सातारा जिल्ह्यातल्याच कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळा बघायला काही वर्षांपूर्वी राज्यभरातून शिक्षक येत असत. जमिनीवर खडूने आणि रंगाने आखलेल्या चौकटी, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, चिंचोके, हाताने लिहिलेली शब्दकार्डं असं तिथलं साहित्य. त्यात हप्त्यावर घ्यावं असं काही नव्हतं.

तेव्हा साहित्य स्वस्त आहे म्हणून शिक्षण हलकं होत नाही. बारा हजारांचा संच मुलीने टाकला यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. त्या वेळी तुम्ही घाबरलेल्या होतात, आणि घाबरलेल्या आईला विकायला बाजारात पुष्कळ वस्तू असतात. तो संच चांगल्या स्थितीत असेपर्यंत विकून टाका. निम्मे पैसे आले तरी काही हप्ते सुटतील, आणि घरात रोज डोळ्यांसमोर टोचणारी एक गोष्ट कमी होईल.

मला जास्त काळजी वाटते ती त्या चाळीस जीबीची.

फाइल उतरवून घेतली की थोडा वेळ बरं वाटतं, जणू तो धडा शिकवून झाला. पण प्रत्येक फाइलबरोबर मुलीने अजून न केलेल्या अभ्यासाची यादीही वाढते. मग ‘काहीतरी राहतंय’ असं वाटणारच, राहणारच! तुम्ही ‘सगळे विषय येतील असा संच’ मागता आहात, पण संच तुमच्याकडे चार वेळा जमा झालेले आहेत. तुम्हाला हवा आहे तो एक कणा, ज्याला धरून वर्ष उभं राहील. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला, लागेल तसं. पुढचे तीन महिने नवीन काहीही उतरवून घ्यायचं नाही, एवढं आधी ठरवा.

कणा म्हणून मी तुम्हाला बालभारतीचीच पुस्तकं सुचवीन. १९६७ पासून ही संस्था आपल्या राज्याची पाठ्यपुस्तकं काढते आहे, आणि सर्व इयत्तांची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात मोफत घेता येतात. पण इथे एक हिशेब करा. झेरॉक्सच्या दुकानात पानाला दोन रुपये धरले, तरी सव्वाशे पानांच्या पुस्तकाला अडीचशे रुपये होतात. तेच पुस्तक छापील, रंगीत, बांधलेलं त्याहून बरंच स्वस्त मिळतं, आणि वरच्या वर्गातल्या शेजारच्या मुलाकडून मागून आणलं तर फुकट. मोफत पीडीएफ छापत बसणं हा घरी शिकवणाऱ्यांचा मोठा छुपा खर्च आहे. नियम असा ठेवा : फक्त बघायचं किंवा वाचून दाखवायचं असेल तर पीडीएफ, मुलीच्या हातात रोज लागणार असेल तर छापील प्रत, आणि वर्कशीट तर छापूच नका. वर्कशीटवरची वीस गणितं तुम्ही वहीत हाताने पाच मिनिटांत लिहून देऊ शकता. त्यातली तिला न येणारी सहाच द्यायची, हे तर कुठलंही छापील पान करू शकत नाही.

जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकंही टाकाऊ समजू नका. अभ्यासक्रम बदलला की शाळांसाठी ती कालबाह्य होतात आणि रद्दीवाल्याकडे किलोवर येतात. अपूर्णांक आणि पाण्याचं चक्र तर तेच राहतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्हावार निघत आलं आहे. सातारा जिल्ह्याची प्रत मिळाली तर जरूर घ्या. मुलीने तिसरी इंग्रजी माध्यमात काढली आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या नद्या, घाट आणि पिकांबद्दल तिने आपल्या भाषेत बहुधा वाचलेलंच नाही. त्याबरोबर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून तुमच्या भागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उतरवा. तोही मोफत आहे. त्यात ओढे, टेकड्या, पायवाटा दिसतात. स्वतःच्या गावाचा ओढा नकाशावर बोटाने शोधून मग तिथे चालत जाणं, एवढा एक भूगोलाचा धडा महिनाभर पुरतो.

वाचनासाठी मुलांना पुस्तकं भरपूर लागतात, आणि तिथेच खिशाला भीती वाटते. ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ बघा. मराठीत शेकडो चित्रगोष्टी, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या, मुक्त परवान्याखाली, म्हणजे उतरवायला, छापायला, वाटायलाही परवानगी. तुमच्या मुलीला याचा एक खास उपयोग आहे. तिथल्या अनेक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींत आहेत. आधी मराठीत वाचायची, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. गोष्ट ठाऊक असल्यामुळे इंग्रजी अंगावर येत नाही. शाळेत जी भाषा तिला पोटदुखी देत होती, ती अशी हळूच परत येऊ दे.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे, आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यांत आपल्याकडच्या थोर लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं साहित्य आहे. कोडी, विज्ञान, प्रवास, सगळं आहे. एखादा शब्द, प्राणी, शोध याबद्दल तिने प्रश्न विचारला की मराठी विश्वकोश उघडा. तो तर वाईतच जन्मला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. आज तो संपूर्ण मोफत वाचता येतो. त्याची भाषा नऊ वर्षांच्या मुलीला जड जाईल, म्हणून आधी तुम्ही वाचा आणि मग तिला सांगा. उत्तर माहीत नसेल तर आई शोधते, हे मुलीने बघणं चांगलंच. आणखी एक : लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्या देशात साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. अशा लेखकांची पुस्तकं विकिस्रोतासारख्या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात कायदेशीररीत्या वाचता येतात. पालकांच्या गटांवर फिरणाऱ्या, कुठल्यातरी प्रकाशकाचं नाव खोडलेल्या पीडीएफची आपल्याला गरज नाही. हयात लेखकाचं आवडलेलं एखादं पुस्तक विकत घ्या, हजारातले शंभर रुपये त्यासाठी ठेवा. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं अजूनही परवडतात.

आणि वाचनालय! महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे, आणि त्या आधारावर गावोगाव शासनमान्य, अनुदानित वाचनालयं उभी आहेत. तालुक्याच्या गावी तर असतातच. वर्गणी किरकोळ असते. तुमच्या पत्रात चाळीस जीबीचा उल्लेख आहे, वाचनालयाचा नाही, याचं मला वाईट वाटलं. मुलीच्या नावावर सभासदत्व घ्या, तुमच्या नको. दर शनिवारी तिने स्वतः कपाटासमोर उभं राहून पुस्तक निवडावं, चुकीचं निवडावं, परत करावं. बालविभाग लहान असेल तर ग्रंथपालांना सांगा की अमुक पुस्तकं मागवा. अनुदानातून दरवर्षी खरेदी होत असते, आणि वाचकाने मागितलेलं पुस्तक घेतलं तर ग्रंथपालांनाही बरंच वाटतं.

विज्ञानाचं तुमच्या घरात काय आहे, हे मला पत्र वाचतानाच दिसलं. गॅरेज! अरविंद गुप्तांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी करायला शिकवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती सगळी खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध कामांपैकी एक म्हणजे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून केलेले भूमितीचे आकार. नळीचे बारीक तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे बाजू. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच वाकडा होतो, हे बोटांना कळतं. गावातल्या दुसऱ्या कुणाला व्हॉल्व्हची नळी विकत आणावी लागेल, तुमच्या घरी ती गल्ल्याशेजारी पडलेली असेल.

तिच्या बाबांना आठवड्यातून दोन दुपारी अर्धा-अर्धा तास मागून घ्या. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना म्हणजे काय, हे तिने पट्टीने मोजून बघावं. सायकलच्या पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजावेत. पुढे ४४ आणि मागे २२ निघाले तर पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं. मग २२ च्या जागी १८ असतील तर? इथे भागाकार सुरू होतो, आणि तो का करायचा हे तिला कुणी सांगावं लागत नाही. लांब पान्याने नट सोपा का सुटतो, चेनला तेल का, दुपारी उन्हात टायर का फुटतो, गिऱ्हाइकाचं बिल कसं जोडायचं. एवढा अभ्यास कुठल्याही डब्यात बांधून मिळत नाही. हाताला गरम सायलेन्सर लागू नये आणि पेट्रोलजवळ ती एकटी नसावी, एवढी काळजी घ्या.

जे घरी करून दाखवता येत नाही त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची मोफत सिम्युलेशन्स आहेत, मराठीतूनही. विजेचं मंडल जोडणं, तराजू, अपूर्णांक असं बरंच पडद्यावर हलवून बघता येतं. पण नऊव्या वर्षी पडदा थोडाच. व्हिडिओ बघायचाच तर तुम्ही शेजारी बसून, आठवड्यात दोन-तीन.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते, कारण पत्रात ‘सकाळी नऊ ते दुपारी तीन टाइमटेबल’ असं आहे. कृपा करून ते मोडा. मी अनेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. शाळेच्या पाच तासांतला मोठा भाग रांगा, हजेरी आणि चाळीस वह्या तपासण्यात जातो. तुमच्यासमोर एकच मूल आहे. बसून करायचा अभ्यास दीड-दोन तास पुरे. एक भाषा, एक गणित, थोडं वाचून दाखवणं. उरलेला दिवस तिला हवा आहे. ज्या मुलीचं वर्षभर पोट दुखत होतं, तिला आधी थोडी रिकामी सकाळ मिळू दे. आणि तुम्हालाही. मोफत शिक्षणात सगळ्यात मोठा खर्च आईच्या वेळेचा असतो, आणि तो कुणी हिशेबात धरत नाही. तुम्ही आजारी पडलात तर हा सगळा डोलारा कुणाच्या आधारावर उभा आहे, हे घरात एकदा बोला.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. तुम्हाला शाळा नको आहे, की ती शाळा नको आहे? पत्रात तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत : न परवडणारी इंग्रजी शाळा किंवा घर. जवळची जिल्हा परिषदेची मराठी शाळा तुम्ही आत जाऊन पाहिली आहे का? तिथे फी नाही, आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत, आणि मुख्य म्हणजे बरोबरीची मुलं आहेत. सगळ्याच शाळा चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण एका सकाळी मुलीला घेऊन जा, गुरुजींशी किंवा बाईंशी बोला, वर्गात मुलं हसताना दिसतात का ते बघा. पाहून नको वाटलं तर नको. न पाहता सोडू नका. मुलीलाही विचारा. तिचं म्हणणं पत्रात कुठेच आलेलं नाही.

घरीच शिकवायचं ठरलं तर कागदपत्रांची बाजू नीट समजून घ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा त्यात नाही, पण घरी शिकवण्याला वेगळी मान्यताही दिलेली नाही. हे तुम्हाला कुणी गोड करून सांगू नये. दिलासा असा की त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत परतीचं दार उघडं आहे. जुन्या शाळेतून दाखला आणि गुणपत्रकं घेऊन ठेवा. मुलीने केलेल्या कामाची तारखा घातलेली एक वही ठेवा. ती परत जाताना उपयोगी पडेल आणि रात्री ‘काहीतरी राहतंय’ वाटलं की उघडायलाही.

पुढे परीक्षा लागेल तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. तिच्या पायाभूत अभ्यासक्रमाच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या आहेत. दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण हवीत. मराठी माध्यम आहे. पाच वर्षांत नऊ संधींत एकेक विषय सोडवता येतो, आणि अभ्यासाची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्मही आहे. हे सगळं आत्ता वाचू नका. एका कागदावर लिहून कपाटात ठेवा. तिला अजून पाच वर्षं आहेत.

सोबतीचा प्रश्न मात्र आजचा आहे, आणि तो कुठल्याही साहित्याने सुटत नाही. रोज संध्याकाळी तिला मुलं भेटायलाच हवीत : गल्लीतली, मैदानावरची, नात्यातली. दर रविवारी तुमच्या ओसरीवर चार-पाच मुलं बोलावून एक गोष्ट वाचा आणि एक खेळणं करा. व्हॉल्व्हची नळी तर आहेच. शाळेत जाणारी मुलंही येतील, त्यांनाही हे मिळत नसतं. ‘पालकनीती’ हे पुण्याहून निघणारं मासिक १९८७ पासून अशाच पालकांचं बोलणं छापत आलं आहे. ते मिळवून वाचा, एकटेपणा कमी होईल.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या धास्तीत प्रेम आहे आणि थोडा अनुभवही. त्यांना पटवून देत बसू नका, त्यांना शिकवायला बसवा. जात्यावरच्या ओव्या त्यांना येत असतील, निदान त्यांच्या आईच्या तरी आठवत असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक आवाजासकट मोफत ऐकता येतात. एका दुपारी मुलीने आजीला त्यातल्या दोन ऐकवाव्यात आणि ‘तुला कुठली येते?’ असं विचारावं. आजी सांगेल ती ओवी वहीत लिहून घ्यावी. शुद्धलेखन, हस्ताक्षर, नात्यांचे शब्द, मातीतली मराठी, सगळं त्या एका पानावर येईल. पहिली ओवी कुठली निघाली, ते मला कळवा.